वापर: काही नाही

खाडीकाठचा चिखल रिकामा असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मला माझ्याच डोळ्यांनी सांगितलं, आणि मी ते लिहूनही टाकलं.

पनवेलच्या आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. अक्षरं शिकले ती मोर्च्यांच्या पत्रकांवर बोट फिरवत. त्यामुळे खारघरच्या कॉलेजात पर्यावरण धोरण शिकायला गेले तेव्हा अन्याय मला लांबूनही ओळखता येतो, अशी माझी खात्री होती.

कॉलेजच्या अभ्यासासाठी गव्हाणजवळच्या खाडीची पाहणी माझ्या वाट्याला आली; तिथे एक प्रकल्प येणार होता. भर दुपारी पोचले. समोर नुसतं चकाकतं पाणी, माणूस एक नाही. ‘सध्याचा वापर’ या रकान्यात लिहिलं: काही नाही.

परतताना एका ओटीवर पाणी मागितलं. तांब्या देणाऱ्या मावशीने विचारलं, “काय लिवलंस?” मी वाचून दाखवलं.

ती खो खो हसली. “आज पुनव. पुनवेच्या दुपारी भरती असते, तवा आमी घरात जेवतो. तुझ्या कालेजात पुनव शिकवीत नाय?”

मग एकदम थांबली. “काय नाय लिवलंस तर भराव टाकतील, बाय. मंग मी पकडू काय, नि विकू काय?”

मी संध्याकाळपर्यंत थांबले. पाणी कुणी हळूच पांघरूण ओढावं तसं मागे सरलं आणि खालून चिखल उघडा पडला, आभाळाच्याच रंगाचा. बायका टोपल्या घेऊन त्यात उतरल्या. मावशी कोपरापर्यंत हात बिळात घालायची, डोळे मिटून, आणि वळवळती निवटी मासळी बाहेर काढायची. मीही उतरले. गुडघ्यापर्यंत चिखल कोमट होता. बायकांचे आवाज लांबून, पाण्यावरून आल्यासारखे येत होते. कुंपण नव्हतं, पण कुणाची जागा कुठवर हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी चुकून पुढे गेले तर मावशी ओरडली, “तिकडं नको, ती जाऊबाईची!”

रकाना मी खोडला. तिथे तिथी लिहिली, ओहोटीची वेळ लिहिली, बायकांची कामं लिहिली. जागा पुरली नाही, मागच्या पानावर गेले.

पण त्याच चिखलावर भराव टाकून होणाऱ्या प्रकल्पाच्या अहवालात तो अजून ‘पडीक’ आहे. त्यांचंही कुणीतरी भरतीच्या दुपारीच गेलं असणार. मावशीची हरकत मी तिच्या शब्दांत लिहून घेतली आहे; जनसुनावणीत ती स्वतः वाचणार आहे.

तुमच्या तालुक्यात खाडीवरच्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची नोटीस लागली, तर अहवाल मागून घ्या. ‘पडीक’ शब्द शोधा. तिथल्या माणसांना विचारून ओहोटीला तिथे जा, आणि दिसेल ते लिहून, सही करून, मुदतीच्या आत हरकत द्या.