रुक्मिणताईचा अंगठा

मशिनवर पाचव्यांदा लाल फुली आली.

सिरसाळ्याच्या स्टँडजवळ रोडला ट्रॅक्टर उभा होता. मागं दोन ट्रॉल्या, त्याच्यात बांबूच्या चटया, भांडी, शेळ्या, लेकरं, सगळा संसार. उसाला निघालेली टोळी. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढीना. आन् माझ्यासमोर रुक्मिणताई मशिनवर अंगठा दाबून उभी. तिचा मालक ट्रॉलीतून वरडायला, "ये की आता! का तिथंच राहती सिम इकायला?"

"ताई, अजून एकदा. जरा नीट दाबा."

"आता काय मशिन फोडू का, पोरी?"

सहाव्यांदा फुली.

मी सिमवाली हाय. कंपनीत आमाला प्रमोटर म्हणतेत, गावातले छत्रीवाली म्हणतेत. कंपनीची रंगीत छत्री रोवायची, खाली टेबल टाकायचं आन् सिम द्यायचे. आमची कंपनी ह्या भागात नवी हाय. आधी तिचे टॉवर नुसते परळी-अंबाजोगाईला होते, मग वडवणीकडं आले, मग डोंगरातल्या गावात बी उभे राहिले. टीएल सर म्हणतेत, टॉवर कंपनी उभा करती पण त्याला माणूस छत्रीवाली जोडती. टीएल म्हणजे टीम लीडर, आमच्यावरचे साहेब. लई जोरात बोलतेत, मला त्यांचा फोन आला तरी घाम फुटतो. आमची शाळा सातवीपस्तोर. नऊ महिन्याची पोरगी हाय, ती शेजारच्या चहाच्या हॉटेलात पाइपाला बांधलेल्या झोळीत. एक हात माझा मशिनला, एक झोळीच्या दोरीला. असं आमचं हापिस.

सिम नुसतं देऊन चालत न्हाई. गिऱ्हाइकाचा आधार नंबर टाकायचा, मशिनवर अंगठा घ्यायचा. सरकारपाशी जो अंगठा ठेवलेला असतो त्याच्याशी हा जुळला की हिरवी टिक. त्याला केवायसी म्हणतेत. जुळला न्हाई तर लाल फुली, आन् फुली आली की सिम न्हाई. फोटो काढून करायची दुसरी पद्धत हाय म्हणतेत, पण ती तवा आमाला दिलेली नव्हती.

आन् ऊस तोडणाऱ्याचे अंगठे जुळतच न्हाईत. मी रुक्मिणताईचा अंगठा हातात धरून बघितला. कोयत्यानं आन् पाचटानं घासून घासून आरशावानी गुळगुळीत झालेला, मधी एक काळी भेग. त्याच्यावर रेषच नव्हती तर मशिन तरी काय वाचणार?

"राहू दे," रुक्मिणताई म्हणली. "मग श्रेयाला घेऊनच जाते."

श्रेया तिची पोरगी, दुसरीत. बाजूला आजीच्या लुगड्याला धरून उभी होती.

"कावून? शाळा चालूय ना तिची?"

"तिचं माझं ठरलं होतं. रोज सांच्याला आईचा फोन आला तर ती आजीपाशी ऱ्हाईल आन् शाळेत जाईल. न्हाई आला तर न्हाई ऱ्हाणार. मालकाचा फोन मालकापाशी, ते उसाच्या गाडीसंगं कारखान्यावर जातेत ते दुसऱ्या दिशी येतेत. मपल्यापाशी फोन नसंल तर पोरीला बोलू कशी?"

आन् तिनं पोरीला हाक मारली, "चल गं, चढ." पोरगी लगेच निघाली बी. दप्तर आजीपाशीच राहिलं.

मला काय झालं काय माहीत. मी सातवीत होते तवा माझ्या आईनं मला असंच 'चढ' म्हणलं होतं, आन् मी चढले होते, आन् पुन्हा शाळेचं तोंड बघितलं न्हाई. मी काहीच इचार केला न्हाई. ॲपमधी मपला आधार नंबर टाकला, मपला अंगठा मशिनवर ठेवला. हिरवी टिक. एकाच झटक्यात! सिम काढलं, तिच्या बटणाच्या फोनात टाकलं आन् म्हणलं, "जा ताई. पोरीला उतरवा खाली."

ती गेली. पोरगी आजीपाशी राहिली. ट्रॅक्टर वळणाला दिसंनासा झाला आन् मग मला भ्या वाटायला लागलं.

ट्रेनिंगला पयल्याच दिशी सांगितलेलं, आपल्या नावाचं सिम दुसऱ्याला द्यायचं न्हाई म्हणजे न्हाई. त्या सिमवरून कुणी काय वाकडं केलं तर पोलीस नाव ज्याचं त्याला इचारतेत. मला सपान पडायचं की पोलीस छत्रीखाली आलेत आन् झोळीकडं बघायलेत. मालकाला सांगितलं न्हाई, सासूला सांगितलं न्हाई. गयाआजी, म्हणजे रुक्मिणताईची सासू, ती मात्र बाजाराच्या दिशी यायची आन् खुशीत सांगायची, "आगं रोज फोन येतो बघ. काल पोरीनं पाढा म्हणून दाखविला आईला. सातचा. तिकडून आई बी म्हणायली, तिला येत न्हाई तरी." ते ऐकलं की मला बरं वाटायचं, आन् ती गेली की पुन्हा भ्या.

तीन हप्त्यांनी टीएल सरचा फोन आला.

"तुझ्या आयडीवरून तुझ्याच आधारवर एक सिम निघालंय. बरोबर?"

"व्हय सर."

"कोण वापरतं ते?"

"मीच, सर."

"तू कुठंय आत्ता?"

"छत्रीखाली, सर. सिरसाळ्यात."

"मग ते सिम कर्नाटकात कसं काय रोमिंगला हाय? उडत गेली का तू?"

रोमिंग म्हणजे आपलं सिम दुसऱ्या राज्यात चालणं. ते साहेबाला बसल्या जागी दिसतं, हे मला कुठं ठावं? मी रडायलाच लागले. रडता रडता सगळं सांगितलं, अंगठा, हॉर्न, पोरगी, पाढा. झोळीतली बी रडायला लागली. 

"हे बघ," सर म्हणले, ह्या बारीला हळू. "चौकशी लागलीय. आठ दिवस हायेत. त्या बाईला बोलव, तिच्या नावावर करून घे, मी नावबदलाला मंजुरी देतो. न्हाई झालं तर सिम बंद. आन् तुझी आयडी बी बंद."

आयडी म्हणजे आमचा कंपनीतला नंबर. ती बंद म्हणजे काम गेलं. पण खरं सांगते, मला त्या येळेला सिमचंच जास्त वाटलं. आयडी माझी गेली असती, शाळा त्या पोरीची.

मी रुक्मिणताईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे हे सिम तुपल्या नावावर हाय? तू मला सांगितलं बी न्हाई गं?"

"हॉर्न वाजत होता, ताई."

"येडी हायेस का? लेकराची माय तू!" शिव्या घातल्या तिनं मला, आन् त्या मला गोडच लागल्या. मग म्हणली, "येते. पण अंगठा तर तोच हाय. त्याला कुठून आणू रेषा?"

मी म्हणलं, आठ दिवस अंगठा जपा. रोज खोबरेल लावा, चिंधी बांधून ऊस तोडा. मला कुणी सांगितलेलं न्हाई, मीच ठोकून दिलं.

तिनं खरंच तसं केलं. पुढं तिच्याच तोंडून ऐकलं, सगळी टोळी हसायची. "रुक्मीण, हळद लागली का गं अंगठ्याला?" म्हणायचे. मुकादमाला, म्हणजे टोळीच्या म्होरक्याला, तिनं एक दिवस मागितला तर तो न्हाई म्हणला. मग तिनं कोयता त्याच्यापुढं ठेवला. "मग घ्या, तुमीच तोडा. म्या पोरीच्या कामाला चालले." सातव्या दिशी ती रात्रभर प्रवास करून सकाळी सिरसाळ्याला उतरली. अंगठ्याला चिंधी तशीच.

गयाआजी आन् श्रेया आधीच येऊन बसल्या होत्या. पोरगी आईला अशी बिलगली की सोडीना. मी मशिन तीनदा पुसलं.  रुक्मिणताईनं चिंधी सोडली. अंगठा मऊ पडला होता, तेलानं चकाकत होता. मी तो पुसला, मशिनवर ठेवला.

लाल फुली.

पुन्हा. लाल फुली. डावा अंगठा. लाल फुली. धुऊन. फुली. फुकून, पदरानं चोळून, उन्हात धरून. फुली, फुली, फुली. हॉटेलवाले मामा चहा गाळता गाळता म्हणले, "बाई, त्या मशिनला नजर लागली, मिरच्या ओवाळा."

रुक्मिणताईनं हात मागं घेतला. पोरीकडं बघितलं. "चल गं," ती म्हणली, "आजीकडून तुपले कपडे घे. दुपारची गाडी हाय."

पोरगी आजीकडं वळली. मला तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

तेवढ्यात गयाआजी भडकली. माझ्यावर. "आगं ए सिमवाले! देवानं दहा बोटं दिलीत. तुपल्या मशिनला एक अंगठाच कावून लागतो? बाकीची काय गावाला गेलीत का?"

"आजी, अंगठाच लागतो. नियमच हाय तसा."

"कुणी केला नियम?"

 कुणी केला? मला आठवंना. ट्रेनिंगला सर म्हणले होते, 'अंगठा घ्या', म्हणून मी अंगठा घेत आले. आमच्याकडं ज्याला सही येत न्हाई तो अंगठा देतो, रेशनला अंगठा, बँकेत अंगठा, तलाठ्याकडं अंगठा. दुसरं बोट कुणी देतं का कधी? मी सुदिक न्हाई इचारलं, गिऱ्हाइकानं सुदिक न्हाई इचारलं.

भीत भीत सरला फोन लावला.

"सर, अंगठ्याबिगर दुसरं बोट चालतं का?"

"कोणतं बी चालतं की! आधार काढताना दहाच्या दहा घेतलीत ना? दहातलं एक जुळलं तरी बास."

"पण ट्रेनिंगला तुमी 'अंगठा' म्हणला होता, सर."

सर हळूच म्हणले, "ते... म्हणायची पद्धत हाय गं ती."

मी फोन ठेवला आन् रुक्मिणताईचा उजवा हात वढला. अंगठ्याशेजारचं बोट, फुली. मधलं, फुली. त्याच्या बाजूचं, फुली. डाव्या हाताची चारी झाली, सगळ्या फुल्या, डाव्या हातानं ऊस धरतेत ना, पाचट तिथंच कापतं. एकच राहिलं, उजव्या हाताची करंगळी. ती कोयत्याच्या मुठीच्या पार टोकाला असती, तिला काम कमी. मी ती मशिनवर ठेवली आन् डोळे मिटून घेतले.

"मावशी, हिरवं आलं," श्रेया म्हणली.

मी डोळे उघडले. टिक होती. आजीनं बोटं मोडली माझ्यावरून, आताच शिव्या देत होती ती. मामांनी चहा पाजला सगळ्यांना. रुक्मिणताई मात्र करंगळीकडंच बघत होती. "आन् म्या हप्ताभर अंगठ्याला तेल पाजलं," ती म्हणली, आन् एवढी हसली की डोळ्यातून पाणी आलं. दुपारच्या गाडीनं ती एकटीच गेली.

सिम तिच्या नावावर झालं. माझी आयडी आठ दिवस बंद ठेवली, सरकडून बोलणी खाल्ली, आन् 'पुन्हा असं करणार न्हाई' असं माझ्या हातानं कागदावर लिहून दिलं. ते खरं लिहिलंय. पुन्हा केलं न्हाई, करायचं कामच पडलं न्हाई. आता छत्रीखाली उसाची माणसं आली की मी आधी हात उलटा करून बघते आन् सरळ करंगळीपासून सुरू करते. कितीक जणं आधी मशिनला नावं ठेवून माघारी गेले असतील, त्यांचं वाईट वाटतं. चूक मशिनची नव्हती. मी घाबरून इचारत नव्हते, तेवढंच.

श्रेयाचा आता बाराचा पाढा चालूय. रुक्मिणताई तिकडून म्हणती, येत न्हाई तरी.

आन् नव्या पोरी ट्रेनिंगला आल्या की टीएल सर अजून बी 'अंगठा घ्या' असंच म्हणतेत. म्हणतेत, मग माझ्याकडं बघतेत, मग म्हणतेत, "म्हणजे कोणतं बी बोट."