बुधवारचा बिनतिखट रस्सा

आमची खानावळ बंद पडली तेव्हा ह्यांनी दोष दिला तो स्वतःच्या हाताला. पलीकडच्या गल्लीत नवं हॉटेल झालं, गिऱ्हाईक तिकडे वळलं, इतकी साधी गोष्ट. पण नाही! "माझ्या हाताची चव गेली गं," हे एकच पालुपद. मी म्हटलं, अहो, चव म्हणजे काय छत्री आहे, कुठेतरी विसरून यायला?

स्वभावच तसा. कुणी ताटात रस्सा ठेवून उठलं की हे स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यायचे आणि विचारायचे, "काय कमी पडलं?" आवाज चढवणं म्हणून माहीत नाही. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे.

दोस्त दोनच, शाळेपासूनचे. एक टेलर, एक कंपाउंडर. दोघं रोज दुपारी आमच्याकडे जेवायचे, ते वर्षापूर्वी एकाएकी बंद झाले. टेलर म्हणाला, "बाहेर जेवलो की सुनेला वाईट वाटतं." कंपाउंडर पोट धरून म्हणाला, "अल्सर. तिखट बंद." झालं! ह्यांचा जीव वरखाली. दर बुधवारी छोट्या पातेल्यात त्याच्यासाठी वेगळा बिनतिखट रस्सा करायचा आणि डबा स्वतः सायकलवरून पोचवायचा. खानावळीला कुलूप लागल्यापासून हे गॅसपाशी फिरकत नव्हते, पण बुधवारचं पातेलं काही चुकलं नाही.

परवा दोघं घरी आले. "चल, वहिनींनाही घे, कुठेतरी जेवायला जाऊ. तेवढंच मन रमेल."

"मग त्या नव्या हॉटेलातच जाऊ," हे म्हणाले. "बघू तरी, माझ्यात काय कमी होतं."

टेलर म्हणाला, तिथे गर्दी असते. कंपाउंडर म्हणाला, महाग असतं म्हणे. पण ह्यांनी कधी नव्हे तो हट्टच धरला.

आत गार वारा, गुबगुबीत खुर्च्या. हे मेनूकार्ड परीक्षेचा पेपर वाचावा तसे वाचत होते. तेवढ्यात वेटर हसतहसत आला. "या साहेब! आज पाहुणे आणलेत?" मग टेलरकडे बोट करून, "तुमचा रस्सा पातळ." आणि कंपाउंडरकडे वळून, "तुमचा जास्त तिखट, वर हिरव्या मिरच्या. नेहमीचंच ना?"

कंपाउंडरने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो खाली ठेवेचना.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भाऊजी, अल्सर बरा झाला वाटतं!"

"वहिनी, तसं नाही हो," टेलर चाचरला. "इथे एसी आहे. तुमच्याकडे उकडायचं फार, जेवताना घामाच्या धारा..."

"म्हणजे चवीचं काही नव्हतं?" ह्यांनी विचारलं.

"छे रे! तुझ्या हाताची चव कुठे आणि हे कुठे!"

हा माणूस वर्षभर मसाला बदलत होता, मीठ बदलत होता, भरली पातेली मोरीत ओतत होता. टेलरला दुकानात नेऊन चाखायला द्यायचा, कंपाउंडरला डब्याचं विचारायचा आणि दोघंही म्हणायचे, "एक नंबर!" अरे मेल्यांनो, 'उकडतं' एवढंच तोंडातून निघालं असतं तर काय जीभ झडली असती? केसाने गळा कापला, दुसरं काय!

हे मात्र शांतपणे जेवले. हात धुऊन आले आणि कंपाउंडरला म्हणाले, "बुधवारचा डबा कोण खायचं रे?"

"अरे, तू एवढ्या प्रेमाने आणायचास. नको कसं म्हणणार?"

"कोण खायचं?"

कंपाउंडर खाली बघून पुटपुटला, "शेजारचं कुत्रं आहे ना..."

मी पर्स उचलली. "चला हो."

घरापर्यंत मी त्या दोघांचा उद्धार करत आले.

आज बुधवार. मुद्दामच ते छोटं पातेलं ओट्यावर काढून ठेवलं आणि म्हटलं, "आज माझ्यासाठी करा. चांगला झणझणीत. बऱ्याच दिवसांत तुमच्या हातचं खाल्लं नाही."

ह्यांनी पातेलं उचललं, पुसलं आणि पुन्हा मांडणीवर ठेवून दिलं.

"नको गं," म्हणाले. "तूही छान झालाय म्हणशील."