अक्काचा कर्नल

मी फटकळ माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बीदर जिल्ह्यातल्या खटकचिंचोळीच्या बस स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जितकी माणसं तिथे कामाला येतात, जवळजवळ तितकीच मी कुणाला काय बोलतो ते ऐकायला येतात. कुणाच्या टकलावर, कुणाच्या जावयावर, कुणाच्या मोडक्या कानडीवर मी काही बोललो की ते दिवसभर गावात फिरतं. मला त्याचा माज होता. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

दुकानापासून तीन-चार मैलांवर एक गाव आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतली माणसं अजून तिथेच राहतात. तिथल्या दूध डेअरीत अक्का ऑपरेटर होती. अक्का माझी कुणी नव्हे. आमच्या भागात वयाने मोठ्या बाईला मराठी माणूसही कानडीतलं अक्का म्हणतो, तसं मी म्हणायचो, आणि ती मला तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. धनगराघरची बाई. तिच्या सासऱ्यापर्यंत त्या घरात मेंढरं होती, नंतर मेंढरं गेली आणि दुसऱ्याच्या शेतातली मजुरी उरली. नवरा अकाली गेला. ती बारावीपर्यंत शिकलेली होती. नवरा गेल्यावर तिने रोज तालुक्याला, भालकीला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि डेअरीत लागली. खुरपं टाकून खुर्चीवर बसलेली त्या घरातली ती पहिलीच बाई. त्या खुर्चीवर बऱ्याच जणांचा डोळा होता, आणि डेअरीच्या चेअरमनला तर ती आपल्या सुनेसाठीच हवी होती.

डेअरीतलं काम साधं. लोक सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन येतात, दुधाचा नमुना फॅट मोजायच्या मशीनमध्ये जातो, मशीनचा आकडा वायरीतून कॉम्प्युटरवर येतो आणि चिठ्ठी छापली जाते. त्या मशीनचं सॉफ्टवेअर हैदराबादच्या एका माणसाने दिलेलं होतं. तो धंदा गुंडाळून कुठे गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. ते फक्त जुन्या सिस्टिमवर चालायचं, आणि ती सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीने तिला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. अपडेट बंद, दुरुस्ती बंद. तरी गाडा चालला होता. मग बीदरच्या दूध संघाच्या ऑफिसातून हुकूम आला की रोजचा अहवाल ऑनलाइन भरायचा. जुन्या सिस्टिमवर नवं ब्राउझर बसेना आणि जुन्या ब्राउझरमध्ये ती साइट उघडेना. चेअरमन अक्काला म्हणाला, "नवा कॉम्प्युटर मिळत नसतो. आठ दिसात जमव. न्हाई तर ज्याला जमतंय त्याला बशिवतो." ज्याला जमतंय तो कोण, हे अक्काला सांगावं लागलं नाही.

ती माझ्या दुकानात आली ती उपाय हातात घेऊनच. मोबाइलवर शोधून काढला होता. जगात कुठे कुठे काही हौशी माणसं आहेत, त्यांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत. ती कंपनीने टाकून दिलेल्या सिस्टिमसाठी नवा कर्नल तयार करतात आणि फुकट वाटतात. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. खाली मशीन, वर सगळी सॉफ्टवेअरं, आणि मधे बसून दोघांचं एकमेकांना सांगणारा हा कारभारी. कारभारी नवा झाला की जुन्या सिस्टिमवर नवं ब्राउझर चालतं, आणि फॅटचं जुनं सॉफ्टवेअरही जागेवर राहतं. हे सगळं मला माहीत असायला हवं होतं. मला माहीत नव्हतं. मी मात्र "हां हां, ते व्हय," अशी मान हलवली.

तिने विचारलं, "तम्मा, हे कायद्यात बसतंय का?"

मी दोन संध्याकाळी कंपनीचा परवाना वाचला. दुकान टाकल्यापासून इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच वाचला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की सिस्टिममध्ये फेरफार करायचा नाही. शिवाय त्या हौशी लोकांनी काही फाइली त्याच कंपनीच्या पुढच्या सिस्टिममधून उचललेल्या होत्या, आणि त्या अशा वाटायला कंपनीने त्यांना परवानगी दिलेली नव्हती. दुसऱ्या बाजूने, डेअरीची सिस्टिम विकत घेतलेली होती, कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीला कंपनीचं स्टिकर होतं. कंपनीच दुरुस्ती करून देत नाही म्हटल्यावर आपल्या घरातलं आपण दुरुस्त केलं तर चोरी कुठे झाली, असंही म्हणता येत होतं. अशा कामासाठी कुणा गरिबाला पकडल्याचं मी ऐकलेलं नाही. मी तिला सांगितलं, "अर्धं बसतंय, अर्धं बसत न्हाई. पन कोन बघायला येतंय?" आणि करून द्यायचं मी कबूल केलं.

सकाळचं दूध गेलं की संध्याकाळपर्यंत डेअरी रिकामी असते आणि गाव शेतात असतं. तशा दोन दुपारी आम्ही आत बसलो. दार लोटलेलं होतं, कारण दुधाच्या वासाने कुत्री आत शिरतात. दुसऱ्या दुपारी मी घाई केली आणि सिस्टिम कोलमडली. निळा पडदा आला, पुन्हा चालू करावं तर पुन्हा तेच. आणि मी बॅकअप घेतला नव्हता. आत गावाच्या सगळ्या जनावरांचा, सगळ्या चिठ्ठ्यांचा हिशेब होता. अक्काने पदराच्या गाठीतून पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तू घेतला न्हाईस म्हून काल मीच घिऊन ठेवला," ती म्हणाली. मग कागदावर उतरवून आणलेल्या पायऱ्या वाचून तिने मला दाखवलं की तिसरी पायरी मी गाळली होती. त्यानंतर तासाभरात सगळं सुरू झालं. साइट उघडली, फॅटचं सॉफ्टवेअर उघडलं. ती इतकी खूश झाली की तिने माझ्यासाठी डेअरीतच चहा ठेवला. मला तो चहा कडू लागला. सगळ्या गावाला अक्कल शिकवणारा मी, आणि चार महिन्यांचा कोर्स केलेली बाई मला माझंच काम शिकवते. ती हे कुणालाही सांगणार नव्हती, हे मला माहीत होतं. तरी मला ते फार लागलं.

त्या संध्याकाळी हॉटेलात आमचं टोळकं जमलं होतं. कुणीतरी विचारलं, "दोन दिस दुकान बंद, कुटं व्हतास?" डेअरीचं काम होतं, एवढं सांगून भागलं असतं. मी म्हणालो, "डेअरीतल्या अक्काचा जुना कर्नल दमलाय. आता नवा आनलाय. बाहेरचा हाय. कागदपत्रं न्हाईत, पन दम हाय!"

माणसं टेबलावर हात आपटून हसली. मी त्यांना कर्नलचा खरा अर्थ सांगितला नाही. अर्थ सांगितला असता तर विनोद मेला असता. माझा सगळ्यात जास्त चाललेला विनोद तोच, आणि विधवा बाईवर होता म्हणूनच तो इतका चालला.

आता आमच्या बीदरला हवाई दलाचा तळ आहे. हवाई दलात कर्नल नावाचं पदच नसतं, पण आमच्या लोकांना त्याचं काय? गणवेशातला, मिशीवाला, जीपमधून उतरणारा मोठा माणूस म्हणजे कर्नल. महिन्यातून एकदा अक्का मीटिंगला बीदरला जायची. माझा विनोद तिच्या गावात पोचला आणि लोकांनी त्या फेऱ्या मोजल्या. कुणी तिला बीदरच्या स्टँडवर जीपमधून उतरताना पाहिलं, कुणी तिच्या हातात मिलिटरी कँटीनची पिशवी पाहिली. दुधाच्या रांगेत बायका आपसात पण तिला ऐकू जाईल असं विचारायच्या, "आज कर्नलचा फोन आला न्हाई व्हय?" तिच्या दिराने तिच्याशी बोलणं टाकलं. मी हे सगळं दुकानात बसून ऐकत होतो. एकदाही मी म्हणालो नाही की अरे येड्यांनो, तो माणूस नाही, कॉम्प्युटरमधली वस्तू आहे. उलट कुणी विचारलं की मी डोळा मिचकावायचो.

चेअरमनने ते खरंच मानलं, की मानल्याचं सोंग घेतलं, ते मला आजही सांगता येत नाही. त्याने बीदरच्या ऑफिसला कानडीत अर्ज लिहवून दिला. डेअरीच्या कॉम्प्युटरमध्ये ऑपरेटर बाईने एका कर्नलकडून बेकायदेशीर माल घातला आहे आणि गावाची अब्रू जात आहे, अशी तक्रार.

पंधरा दिवसांनी चौकशीला एक साहेब आले. डेअरीच्या ओट्यावर सगळं गाव लोटलं. दूध घालणारे निम्मेच असतील, बाकीचे नुसते कर्नल बघायला आलेले. जाणकार म्हणून मलाही बोलावलेलं होतं. साहेब शिकलेले होते. अर्ज वाचून त्यांनी कॉम्प्युटर पाहिला आणि त्यांना हसू आवरेना. ते लोकांना म्हणाले की हा फौजेतला कर्नल नव्हे, हा सिस्टिमचा भाग आहे. लोकांनी माना डोलावल्या, पण कुणाला ते पटलं नाही. पटावं असं कुणाला वाटतही नव्हतं.

मग साहेबांनी हसणं थांबवलं. "पण फेरफार झालाय, हे खरं. आमच्या साइटला जोडलेल्या मशीनवर असं बाहेरचं काही घालता येत नाही." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा, हे कायदेशीर आहे का?"

मी परवाना वाचलेला होता. अर्धं बसतं, अर्धं बसत नाही, हे मी अक्काला सांगितलं होतं, तेच इथे सांगता आलं असतं. मी म्हणालो, "कंपनीची परवानगी न्हाई साहेब. अनधिकृतच म्हनायचं."

मागून कुणीतरी "अनधिकृत कर्नल!" असं ओरडलं आणि ओटा हसला.

साहेबांनी अक्काला विचारलं, "बाई, हे कुणी केलं? बाहेरच्या मेकॅनिकनं केलं असेल तर नाव सांगा. नोटीस त्याला जाईल, तुमच्यावर काही नाही."

इतकं सोपं होतं. एक नाव घ्यायचं आणि खुर्ची वाचवायची. मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो, आणि नोटीस आली तर माझं दुकान बंद पडणार होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं.

"मीच केले," ती म्हणाली.

"एकटीनं?" चेअरमनने विचारलं, आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"एकटीनं."

साहेबांनी लिहून घेतलं. त्याच आठवड्यात अक्काला काढलं आणि चेअरमनची सून खुर्चीवर बसली. कर्नल काढून टाकायचा लेखी हुकूम आला होता. चेअरमनने मला बोलावलं आणि म्हणाला, "त्याला हात लावू नको. ते काढलं तर अहवाल जात न्हाई म्हनं." मी हात लावला नाही. आजही ती डेअरी त्याच कर्नलवर चालते आणि त्याचा कायदा कुणीही विचारत नाही.

महिनाभर मी स्वतःला समजावत होतो की अक्काने मला भाऊ मानलं म्हणून वाचवलं. ते समजावणं मला गोड वाटायचं. शेवटी एक दिवस तिचे आभार मानायला गेलो. ती गावाबाहेरच्या एका तुरीत खुरपत होती, रोजाने. बाकी सात-आठ बायका पुढच्या ओळींत होत्या. मी बांधावरून आत गेलो.

"अक्का, तू माझं नाव घेतलं न्हाईस. लई उपकार झाले."

तिने मान वर केली. "उपकार कसले? तुझंच नाव घ्यायला मी तोंड उघडले व्हते."

"म्हंजे?" मी विचारलं.

"तोंडावर आलं व्हतं तुझं नाव," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, दुधाचं फॅट सांगावं तसा. "मग लोकाकडं बघितले. समदे माझ्या तोंडाकडं बघायले व्हते, आता कोन गडी निघतोय म्हून. दोन दुपारी दार लोटून हिच्यासंगं कोन बसला व्हता, तेवढंच त्यान्ला पायजे व्हतं. तुझं नाव घेतले असते तर खुर्ची ऱ्हायली असती, पन मला गावात ऱ्हाता आलं नसतं. हाटेलात तू काय बोललास ते मला तिसऱ्याच दिशी कळलं व्हतं."

मी म्हणालो, "अक्का, मी सांगतो लोकाला. आता सांगतो."

पुढच्या ओळीतल्या बायकांची खुरपी थांबली होती. अक्का पुन्हा खाली वाकली.

"तू जा आता," ती म्हणाली. "कामून उभा ऱ्हायलास हितं? बाया बघायल्यात."