झांज वाजवणारा जावई

इतिहासात ‘ध’चा ‘मा’ झाला आणि एक जीव गेला. आमच्या घरात ‘जाझ’ची ‘झांज’ झाली आणि माझं लग्न ठरायची वेळ आली. दोष द्यायचाच तर तो मामाच्या तपकिरीला द्यावा लागेल. मामा केडगावचा. दिवसभर नाकात तपकीर कोंबायचा, त्यामुळे त्याचा प्रत्येक शब्द आधी नाकात जाऊन मग तोंडातून बाहेर पडायचा. बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी तो मिरजगावजवळच्या आमच्या वस्तीवर आला आणि ओट्यावर टेकायच्या आत म्हणाला, “दाजी, पोरीला स्थळ आनलंय. बाप लष्करातला हवालदार हुता, नगरला कॅम्पापाशी घर हाय. पोरगा पुन्याच्या मोठ्या हाटेलात झांज वाजवतो.”

पोरगा नक्की काय वाजवतो हे मामालाही ठाऊक नव्हतं. पोराच्या आत्याकडून जे ऐकलं ते त्याने नाकातून आमच्यापर्यंत पोचवलं, इतकंच.

माझे वडील, आबा, गावच्या भजनी मंडळाचे म्होरके होते. टाळ काय, दहाजण कुटतात, असं ते म्हणायचे. झांज धरणारा मात्र नशिबाने मिळतो. मंडळातला झांजवाला म्हातारा वारल्यापासून ती पितळी जोडी आमच्या देव्हाऱ्याखाली फडक्यात गुंडाळून पडली होती. त्यामुळे मामाचं बोलणं ऐकून आबांचं तोंड असं उजळलं की माझ्या जन्माच्या वेळीही तसं उजळलं नसेल.

आई म्हणाली, “पन हाटेलात झांज कशाला लागती?”

“आगं, शाकाहारी आसंल ते. सांजच्याला आरती हुत आसंल,” आबांनी तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. दुसऱ्या दिवशी पारावर, सोसायटीत, गिरणीत, सगळीकडे एकच बातमी होती. झांज वाजवणारा जावई येतोय.

माझं म्हणाल, तर मला झांजेशी काही देणंघेणं नव्हतं. माझी जीभ जरा लांब. त्यापायी दोन स्थळं आधीच परत गेली होती, आणि हे तिसरंही गेलं तर आबा मला कुठल्याही बिजवराच्या गळ्यात बांधणार, हे घरात ठरल्यासारखं होतं. म्हणून या वेळी दाताखाली जीभ धरून बसायचं मी ठरवलं होतं.

ते एसटीने आले. पोरगा, त्याचे हवालदार वडील आणि आत्या. पोराच्या हातात एक लांब काळी पेटी होती, एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला निमुळती. झांज ऐकायला म्हणून आबांनी अख्खं भजनी मंडळ आधीच अंगणात आणून बसवलं होतं. ती पेटी पाहताच त्यांच्यात कुजबूज झाली. “वीना! वीना आनलीय त्यानं.” झांज ती झांज, वर वीणेकरीही! आबांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. वीणा जमिनीला टेकवत नाहीत. आबांनी धावत घरातून पाट आणला, त्यावर धुतलेलं धोतर अंथरलं आणि पेटी त्यावर ठेवली. मग मंडळातला एकेक जण पायताण काढून पुढे आला आणि तिच्या पाया पडला. पोरगा म्हणत होता, “अहो, राहू द्या, राहू द्या.” लोकांना वाटलं, केवढा विनय! हवालदारांना बहुधा ही आमच्याकडची रीत वाटली असावी. त्यांनीही टोपी काढून आपल्याच पोराच्या पेटीला नमस्कार केला.

पोहे झाले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, कितवी झाली, सगळं विचारून झालं. मी खाली मान घालून हो-नाही करत राहिले. मग आबांनी फडकं सोडून झांज काढली आणि पोरापुढे ठेवली.

“हां, पाव्हनं. हूं द्या आता.”

पोराने झांजेकडे पाहिलं, मग मामाकडे. मामा तपकिरीची डबी उघडण्यात गढून गेला होता.

“मी झांज नाही वाजवत,” पोरगा म्हणाला. “जाझ वाजवतो.”

“त्येच की. झांज.”

“झांज नाही हो. जाझ.”

“मंग आमी काय म्हनतोय?” आबा म्हणाले.

पोराने कपाळावरचा घाम पुसला. “तुम्हाला वाजवूनच दाखवतो,” असं म्हणून त्याने पाटावरची ती पेटी उघडली.

आत वीणा नव्हती. पिवळसर तांबूस रंगाचं, कमरेला बाक असलेलं एक गुळगुळीत वाद्य होतं, आणि त्याच्या पोटाला सापासारखी वळलेली दोन भोकं होती. ज्यांनी नमस्कार केले होते त्यांचे हात तसेच गुडघ्यांवर पडले. “गिटार आहे,” पोरगा म्हणाला. एवढा सन्नाटा मी आमच्या अंगणात कोणी मेल्यावरही पाहिला नव्हता.

आणि त्या सन्नाट्यातच त्याने गायला सुरुवात केली. तेही इंग्रजीत!

मला धक्का बसला तो इंग्रजीचा नाही. गाणं म्हणजे छाती फोडून म्हणायचं, दुसऱ्या वस्तीवर ऐकू गेलं तरच ते खरं, अशा घरात मी वाढले होते. हा माणूस विहिरीच्या काठाला एकटा बसून स्वतःशी बोलावं तसा गात होता. आवाज जरा खरखरीत, मोठाही नव्हता. बोटं एकेक सूर सुटा काढायची आणि मध्येच चार-पाच सूर एकदम मुठीत धरायची. शब्दांतला ‘लव्ह’ तेवढा मला कळला. तो कळला आणि मी घाईने पदर सावरला.

आबांचा हात सवयीने मांडीवर ठेका धरत होता आणि तो ठेका काही केल्या जुळत नव्हता. आबांची थाप पडे तिथे पोरगा गप्प. आबा थांबले की नेमका तिथे याचा ठोका. “चुकतंय,” आबा पुटपुटले. “समदंच चुकतंय.”

मग त्याने शब्दच सोडून दिले. ‘दाबा दुबी दाप दू’ असलं काहीतरी तोंडाने म्हणायला लागला. तारेवर जो सूर, तोच त्याच क्षणी गळ्यात. बोट धावलं की गळा धावे, बोट घसरलं की गळाही घसरे. आता गाणं कोण म्हणतंय, हात की तोंड, हे कळेना. शेजारची म्हातारी किंचाळली, “आगं बया, पोराच्या आंगात आलं की! आंगारा आना कुनीतरी!”

आणि एका जागी तो एकदम थांबला. हात हवेत, तोंड उघडं. मला वाटलं, संपलं, सांडलं सगळं. तेवढ्यात त्याने अगदी खालचा एक सूर काढला आणि गाणं पुन्हा उचललं. हा माणूस परत गेला तर आयुष्यात हे पुन्हा कानावर पडणार नाही, एवढं एकच मनात आलं. मला तो हवा होता.

गाणं संपलं. आबांनी झांज उचलली, फडक्यात गुंडाळली आणि थंडपणे म्हणाले, “च्या घ्या पाव्हनं. नगरची गाडी हाय आत्ता.”

म्हणजे नकार. हवालदार उठले. मामा आधीच उठला होता. पोराने वाद्य पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि जाताना सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, “तुम्हाला कसं वाटलं?”

अंगण हादरलं. दाखवायला आणलेल्या मुलीला गाणं येतं का, हे विचारतात. गाणं कसं वाटलं, हे आमच्याकडे आजवर कोणी बाईला विचारलं नव्हतं. आई दारामागून हाताने ‘गप’ म्हणून खुणावत होती. पण दाताखाली धरलेली जीभ सुटली ती सुटलीच.

“मधी तुमी थांबला,” मी म्हणाले, “तवा मला वाटलं, गानं पडलं. मग तुमी त्येला खालनं झेललं. परत झेलाल का न्हाई, तुमाला बी म्हाईत नव्हतं. व्हय ना?”

पोरगा हळूच म्हणाला, “नव्हतं माहीत.” पेटी हातात तशीच धरून तो उभा होता. “रोज वाजवतो मी. हे कोणी कधी बोललं नाही. लोक जेवत असतात ना.”

“जेवत आसत्यात?” हे आबा होते. त्यांचा आवाज चिरकला होता. गिटार पाहून, इंग्रजी ऐकूनही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. “तुमी गाता तवा लोक जेवत्यात?”

“हो. गप्पा मारतात. जेवतात.”

“आन तुमी गाता?”

“गातो.”

आबा मटकन ओट्यावर बसले. आमच्याकडे भजन सुरू असताना कोणी पाण्याचा घोटही घेत नसे. त्यांनी त्या पोराच्या हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

“तुला आयकू येतं का गं, ह्यो काय गातोय त्ये?”

“व्हय आबा.”

“मला न्हाई येत,” आबा म्हणाले. गावात लोक ज्यांच्या कानाची शपथ घेत, ते माझे आबा हे अख्ख्या मंडळासमोर म्हणाले. “मला काय बी आयकू आलं न्हाई. पन गानाऱ्याच्या घरात आयकनारं एक मानूस पायजेच.”

आणि गाडीच्या वाटेला लागलेल्या मामाला त्यांनी हाक मारून सुपारी फोडायला बोलावलं.