देवस्थान नसलेला समुद्र

पद्मजाबाई चारदा समुद्राला जाऊन आल्या होत्या अन् समुद्र त्यांनी एकदाही धड बघितला नव्हता. असं कसं? नवरा वैजनाथराव, म्हणून असं! लग्नानंतर लगेच गणपतीपुळ्याला नेलं तर तिथं दर्शनाची रांग, प्रसाद, अन् चला चला, एसटी सुटंल. द्वारका तसंच, पुरी तसंच. रामेश्वरला बाई पाण्यात उतरल्या खऱ्या, पण गुरुजी मागून ओरडतायत, "लवकर बुडी मारा, लोकं थांबलेत." एवढा मोठा समुद्र अन् बाईंच्या वाट्याला आला दीड बादली.

अन् हा माणूस स्वतःला लई फिरस्ता समजायचा! अख्ख्या कॉलनीला फुकट सल्ले. बायकोला काय पाहिजे हे विचारायची मात्र कधी गरजच पडली नाय, कारण ते ह्यांना आधीच माहिती असायचं म्हणे.

शाळेतून रिटायर झाल्यावर बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून काहीतरी मागितलं. ग्रीस. तिथं हल्किदिकी म्हणून भाग आहे, नकाशात जमिनीची तीन लांब बोटं समुद्रात बुडवल्यासारखा. त्यांच्याच शाळेतल्या गुलशन मॅडमनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता. पाण्यासमोर खुर्ची टाकायची अन् नुसतं बसायचं. बास, एवढंच.

"नुसतं बसायचं?" वैजनाथरावांना हसू आवरेना. "अगं, बसायला विमान कशाला लागतंय? पैठणला जा, धरणावर बस. तेही पाणीच आहे."

"धरण नको. समुद्र पाहिजे."

"बरं बाई, समुद्र. मी बघतो सगळं."

झालं! वैजनाथराव बघतो म्हणाले की समजायचं, वाट लागली. एवढ्या लांब जायचं अन् देवदर्शन नाय, हे त्यांच्या डोक्यात बसेचना. नकाशात शोधशोध शोधलं, तर तिसऱ्या बोटावर डोंगर अन् डोंगरभर जुने मठ. देव कोणता, धर्म कोणता, काय घेणं नाय, रांग लागत असेल तर उभं राहायचं! औरंगपुऱ्यातल्या टुरवाल्या साकिबला फोन लावून त्याच बोटावरची खोली सांगितली अन् रात्री जेवताना छाती फुगवून जाहीर केलं.

बाईंनी ताटावरच मोबाईल उघडला. वाचलं. परत वाचलं.

"अहो, त्या मठांत बायकांना सोडत नाहीत. हजार वर्षं झाली."

वैजनाथरावांचे डोळे चमकले. "म्हणजे लई जागृत स्थान दिसतंय!"

"अन् मी?"

"तू बोटीतून दर्शन घे की. बोट काय रस्त्यावर चालते? समुद्रातच असते. तुला समुद्रच पाहिजे ना?"

असं म्हणून माणसानं पिठलं वाढून घेतलं हो! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळी गुलशन मॅडमना घेतलं, रिक्षा केली अन् थेट औरंगपुरा.

"ती खोली रद्द करा. मधल्या बोटावर द्या. आम्ही दोघी."

साकिब गडबडला. "मॅडम, साहेबांना विचारलं का?"

"साहेबांनी मला विचारलं होतं का?"

तो गुलशन मॅडमकडं बघायला लागला. त्या म्हणाल्या, "मेरेकू क्या देखता? समंदर इनका है."

घरी वैजनाथरावांनी आकाशपाताळ एक केलं. नवरा घरी अन् बायको ग्रीसला, लोक काय म्हणतील!

"तुम्ही जा की मठात," बाई म्हणाल्या. "पुरुष आहात, तुम्हाला कुठंही सोडतात."

मग रुसवा. चहा नको, बोलणं नको, जेवण मात्र दोन्ही वेळा चेपून. आठवडाभर वाट बघितली की ही येईल मनवायला, अन् ही आलीच नाय. शेवटी गच्चीवर जाऊन साकिबला गुपचूप फोन, "माझंही एक तिकीट टाक. देवस्थान नसलं तरी चालंल." कधी नव्हे ते नमतं घेतलं, तेही बायकोसमोर नाय, टुरवाल्यासमोर!

साकिबनं लगेच बाईंना फोन केला. बाई स्वयंपाकघरात होत्या, वैजनाथराव हॉलमध्ये टीव्हीसमोर, कान इकडं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "नको. दोघींचंच ठेवा."

हॉलमधला टीव्ही एकदम मोठा झाला.

"अन् साकिबभाई," बाईंनी दुसऱ्या कानावर हात ठेवला, "खोली अशी बघा, की दार उघडलं की पाणी."