काचेच्या कपाटातला आईचा कप

मंडळी, आज किळस आली आहे, म्हणून लिहिते आहे.

बदलापूरजवळच्या एका जुन्या बंगल्याचं आता संग्रहालय झालं आहे. ऐंशीच्या दशकात आई तिथे बागकाम करायची. घरात मात्र तिला कधी येऊ दिलं नाही, आम्ही बौद्ध. ‘एकदा आतून बघायचंय गं,’ असं ती म्हणायची. म्हणून आज तिला घेऊन गेले.

सकाळ निवांत गेली. बागेत तिने स्वतः लावलेला चाफा दाखवला. दिवाणखान्यात झुंबराखाली बराच वेळ उभी राहिली.

पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात कान तुटलेला एक कप होता. खाली पाटी: ‘बागेतल्या चहाचा कप.’

“मालक लोक बागेत चहा प्यायचे ना, काकी,” गाईड म्हणाला.

“मालक कशाला फुटका घेतील रे? तो माझा. मागच्या खिडकीत असायचा. चहा वरनं ओतायचे.”

गाईड हसला. “अरे वा, म्हणजे तुम्ही पण म्युझियममध्ये!” मागची माणसं कपाचे फोटो काढायला पुढे सरसावली.

पाटी बदला म्हटलं, तर ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, “मॅडम, लोक इथे फिरायला येतात. कशाला मूड घालवायचा?”

बाहेर कँटीनमध्ये चहा घेतला. पिऊन झाल्यावर आई उठली, बागेतल्या नळावर तिने आपला कप धुतला आणि कँटीनच्या खिडकीत पालथा ठेवला. मग माझ्याकडे बघून तीच ओशाळली.

त्या पाटीवर तुम्ही काय लिहिलं असतं?