कावडीच्या सायकली

पाऊस लांबला की माझ्या जिवाला स्वस्थता नसते. यात विशेष काही नाही, आमच्या मुलखात जन्मलेल्या कुणालाच नसते. पण माझी घालमेल वेगळी आहे आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नाही. 'यंदा सरासरीपेक्षा कमी' असं टीव्हीवरची बाई म्हणाली की आधी क्षणभर मला बरं वाटतं. मग स्वतःचाच राग येतो. मी टीव्ही बंद करते, गॅलरीत जाते आणि वाळलेले कपडे उगाच पुन्हा झटकत बसते. नवरा विचारतो, "झालं तरी काय तुला?" काय सांगणार? दुष्काळ पडला की आमच्या घरी गोडधोड व्हायचं, हे पुण्यात वाढलेल्या माणसाच्या गळी कसं उतरवायचं?

परवा मुलीला सायकल घ्यायला गेले. चकचकीत दुकान, आत गारवा, भिंतीवर टांगलेल्या सायकली आणि प्रत्येकीची किंमत खोडून खाली नवी लिहिलेली. मालक पोरगेलासा. गिऱ्हाईक आलं म्हणून इतका हरखला की मलाच संकोचल्यासारखं झालं. म्हणाला, "मॅडम, लॉकडाउनमध्ये इथपासून त्या चौकापर्यंत रांग असायची. मला वाटलं, आता हे असंच चालणार. गोडाऊन घेतलं, गच्च भरलं. आता कंपनीचा माणूस फोनसुद्धा उचलत नाही." मला तिथे थांबवेना. सायकल न घेताच मी मुलीला ओढत बाहेर काढलं. ती रस्ताभर रुसली होती. हेच बोलणं मी पूर्वी ऐकलं होतं. तेव्हा दुकान उमापूरला होतं आणि बोलणारे माझे वडील होते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. गेवराईहून उमापूरला आलं की बाजारगल्लीच्या तोंडाशीच आमचं सायकलचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. कंपनीची सायकल खोक्यातून सुटी यायची. अण्णा ती अंगणात पसरायचे, जोडायचे, ताऱ्या आवळून चाकाचा आऊट काढायचे, म्हणजे डगमग घालवायचे, आणि शेवटी घंटी स्वतः वाजवून बघायचे. घंटी वाजल्याशिवाय सायकल दारातून हलायची नाही. आमची गिऱ्हाइकं म्हणजे सहकारी साखर कारखान्यावरचे कामगार. पगारातून कापून घ्यायची सोय कारखान्याच्या पतपेढीत होती. शिवाय ऊसतोडीला निघालेली माणसं. मुकादमाकडची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, हातात पडली की दसऱ्याच्या आसपास एखादी सायकल घ्यायची आणि ती टोळीच्या ट्रकवर बांधून पश्चिमेला न्यायची. धंदा बेताचाच, पण चुलीवरचं पातेलं उतरत नव्हतं.

मी सातवीत होते तेव्हाचा दुष्काळ. विहिरी आटल्या, हापशांना हवा लागली. बाया कोस कोस चालून पाणी आणायला लागल्या. तेव्हा अण्णांच्या डोक्यात एक कल्पना आली. वेल्डिंगवाल्याकडून त्यांनी सळईचा एक सांगाडा करून घेतला. तो कॅरिअरवर नटांनी आवळायचा आणि दोन्ही अंगांना त्याच्या आकड्यांत पाण्याचे कॅन अडकवायचे. लोकांनीच त्याला कावड म्हणायला सुरुवात केली. कावडीची सायकल. बघता बघता सायकली अशा खपल्या की अण्णांना जेवायला सवड मिळेना. ज्या घरात सायकल नव्हती तिथे एक आली, ज्या घरात होती तिथे दुसरी. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असं अण्णा कौतुकानं म्हणायचे. माय तेवढं ऐकून उठून जायची.

त्या वर्षी सगळं गाव सकाळी उठून आभाळाकडे बघायचं. अण्णाही बघायचे. डोळ्यांवर आडवा हात धरून, अगदी सगळ्यांसारखे. फक्त ढग दिसला की गावाचा चेहरा खुलायचा आणि अण्णांचा पडायचा. हे माझ्या ध्यानात आलं आणि त्या दिवसापासून मला शाळेत बसवेना. बाई पाढे म्हणून घ्यायच्या आणि मी खिडकीतून बघत असायचे, ढग आलाय का गेलाय. आला तर भीती, गेला तर लाज. मैत्रिणीची आई पाणी आणताना घसरून हात मोडून घेऊन आली त्याच दिवशी आमच्या घरी शिरा झाला होता. तो मी खाल्ला आणि मला आवडलाही.

मग धोंडी आली. आमच्याकडे पाऊस रुसला की एका पोराच्या उघड्या अंगाला कडुलिंबाचे डहाळे बांधतात आणि त्याला गाणी म्हणत दारोदार फिरवतात. घरच्यांनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं आणि सुपात मूठभर धान्य घालायचं. कितीही टंचाई असो, पाण्याला नाही म्हणायचं नाही. घरातलं ओतल्याशिवाय वरचं येत नाही, असं मानतात. एरवी पाणी बायाच ओततात. त्या दिवशी मात्र माय भरलेली कळशी घेऊन दुकानात आली. एरवी ती दुकानात पाऊल टाकत नसे. तिनं कळशी अण्णांपुढे धरली.

"आज तुमी घाला."

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. गल्ली भरलेली. "आगं, हे बायकायचं काम हाय."

"पाऊस काय बायकायलाच पायजेल का? घाला तुमी."

अण्णांनी कळशी हातात घेतली नाही. काउंटरवरचा पेला तिच्यात बुडवला आणि तेवढाच पोराच्या डोक्यावर रिकामा केला. "पाणी जपून वापराव बाबा," असं काहीतरी पुटपुटले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "शेट, एवढ्यानं तर मडगारसुदिक भिजायचं न्हाई!" सगळे हसले. अण्णाही हसले. माय हसली नाही. तिनं उरलेली कळशी त्या पोराच्या डोक्यावर उपडी केली आणि पदरानं तोंड पुसत आत गेली. त्या संध्याकाळी चुलीपुढे ती एवढंच म्हणाली, "लोकायचा घसा वाळल्यावर आपल्या घरात भाकर भाजायली. मला न्हाई सोसत हे." अण्णा म्हणाले, "आगं, मी काय दुष्काळ आणला का? उलट लोकायची सोय केली." दोघांचंही खरं होतं. म्हणूनच ते भांडण कधी मिटलं नाही.

पुढल्या सालाला पाऊस झाला. दुष्काळातल्या कमाईतून दुकानावर स्लॅब पडला होता. माय त्याच्याकडे मान वर करून बघायची नाही. अण्णा मात्र त्या एका वर्षावरून कधी उठलेच नाहीत. गावात पहिल्यांदा पुढाऱ्याच्या पोरानं मोटारसायकल आणली, मग ग्रामसेवकानं, मग दुधाच्या डेअरीवाल्यानं, आणि नंतर मोजणंच सुटलं. ऊसतोडीचे मुकादम गाडीवर यायला लागले. त्यांच्या मागून टोळीतली तरणी पोरंही उचल घेऊन सरळ शोरूमला जाऊ लागली. तासावर सायकल भाड्यानं नेणारी पोरं नाहीशी झाली. आजोबा ज्या कंपनीच्या सायकलवर बसून लग्नाला गेले होते, ती कंपनी बंद पडल्याचं एका पेपरात आतल्या पानावर आलं. अण्णांनी तो पेपर घडी करून गल्ल्याखाली ठेवला. सगळ्यात कहर म्हणजे आमच्या कंपनीचा विक्रीवाला माणूस, जो इतकी वर्षं एसटीनं यायचा, तोच एक दिवस मोटारसायकलवर दारात उतरला. मी फिस्सकन हसले. अण्णा त्याला म्हणाले, "काय राव, तुमीच असं केल्यावर आमी कुणाच्या तोंडाकडं बघाव?" तो ओशाळला, चहा प्यायला आणि ऑर्डर न घेताच गेला.

आम्ही म्हणायचो, दुकान बदला. मोबाइल रिचार्ज ठेवा, मोटारसायकलीचे टायर ठेवा. अण्णांचं उत्तर ठरलेलं. "एक दुष्काळ पडू द्या, मंग बघा." हे वाक्य ते इतक्या सहज म्हणायचे की ऐकणाऱ्याला चटका बसतो हे त्यांना कळतच नव्हतं.

आणि पडला. मी तेव्हा बीडला कॉलेजात होते, सुट्टी मिळाली की घरी यायचे. आषाढ कोरडा चालला होता. सगळीकडे माणसं कासावीस आणि आमचे अण्णा वीस वर्षांनी लहान झालेले. पायात नुसती भिंगरी. गेवराईला जा, वेल्डिंगवाल्याकडे जा, कंपनीला फोन कर. एका सकाळी दारात ट्रक उभा राहिला. होतं नव्हतं ते सगळं घालून त्यांनी ट्रकभर सायकली मागवल्या होत्या. कावडी आधीच तयार होत्या, गंज लागू नये म्हणून त्यांना निळा रंगही दिला होता. खोकी उतरत होती आणि माय मागच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आता पाऊस आला तर आपलं वाटोळं, अन् न्हाई आला तर गावाचं. कावून असं करून ठिवलं तुमी? देवापुढं हात जोडून मी मागू तरी काय?" अण्णांनी हातातलं चाक फिरवून बघितलं. ते चाकाचा आऊट काढत होते.

पाऊस आला नाही. श्रावण गेला, भादवा गेला. कारखान्याला ऊस नव्हता, त्या सालाला बॉयलर पेटलाच नाही. कामगार घरी बसले आणि त्यांच्याबरोबर पतपेढीतून येणारे आमचे हप्तेही. गावाबाहेर चारा छावणी पडली. माणसं गुरांसोबत तिकडे राहायला गेली. सगळं अण्णांनी धरलं होतं तसंच झालं. दारात निळ्या कावडीच्या सायकलींची रांग उभी होती, आणि तिच्यासमोरून लोक पाणी नेत होते. मोटारसायकलवर. मागच्या सीटवर दोरीनं कॅन बांधलेले, टाकीवर एक, पोराच्या मांडीवर एक. एक गाडी गेली, दोन गेल्या, दिवसभर जात राहिल्या. अण्णा दारात उभे राहून बघायचे, आत यायचे, पुन्हा दारात जायचे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि घरात बसवतही नव्हतं. मी उगाच नळाखालची रिकामी भांडी घासत राहायचे, राखेनं.

एक दिवस छावणीवरचा एक ओळखीचा माणूस गाडी थांबवून उतरला. अण्णा चटकन उठले. त्यांनी एका सायकलीची घंटी वाजवून दाखवली. तो म्हणाला, "सायकल नगं शेट. ती कावड तेवढी सुटी द्या. गाडीला बराबर बसंल. दोरी लई सुटती हो, काल बायकूच्या पायावर कॅन पडला."

"कावड सुटी इकत न्हाई," अण्णा ताडकन म्हणाले.

"असं कावून?"

"न्हाई म्हणलं ना बे!"

अण्णांना कुणाला 'बे' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. तो माणूस गुपचूप निघून गेला. त्यानंतर आणखी दोघं-तिघं हेच मागायला आले आणि तसेच परत गेले. गावात आमची टवाळी सुरू झाली. शेट कावडी उरावर घेऊन जाणार, असं म्हणायला लागले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. मला गावाचा राग आला आणि अण्णांचाही. त्यांना धरून हलवावं, ओरडून सांगावं, असं वाटायचं, की अण्णा, तुमचा दुष्काळ संपला, आता हा जो आहे तो नुसता दुष्काळ आहे.

गावात पाणी सायकलवरून आणणारा आता एकच माणूस उरला होता. आमचे अण्णा. टँकर गल्लीत शिरायचा नाही, म्हणून ते रोज पाटाजवळच्या विहिरीवर जायचे. चढावर उतरून सायकल ढकलायचे, कारण गुडघ्यांनी आता दगा दिला होता. मागून येणारी पोरं गाडी हळू करून म्हणायची, "शेट, द्या हिकडं एक कॅन." ते द्यायचे नाहीत.

पुढच्या सालचा मृगही कोरडा गेला आणि गल्लीत पुन्हा धोंडी आली. अण्णा नुकतेच विहिरीवरून परतले होते. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, कॅन अजून कावडीतच. ढोलकं दारात आलं तेव्हा माय आतून सूप घेऊन आली. पाण्याचं तिनं काही म्हटलं नाही. तिला मागच्या वेळचा पेला आठवत असणार, मला तर लख्ख आठवत होता. अण्णांनी त्या पोराकडे पाहिलं. कडुलिंबाचा पाला सुकून गेला होता आणि कुठल्याच दारात धड पाणी मिळालं नसल्यामुळे त्याचं अंग कोरडं होतं. अण्णांनी कावडीतून एक कॅन उपसला, बूच काढलं आणि सगळाच्या सगळा त्याच्या डोक्यावर ओतला. पोर दचकलं, मग तोंड वर करून हसायला लागलं. अण्णांनी दुसरा कॅन काढला. "आवं, प्यायला तर ठिवा," माय म्हणाली. ते थांबले नाहीत. गल्लीत एवढी माणसं होती, पण या वेळी कुणीच काही ओरडलं नाही.

दोन्ही कॅन रिकामे झाल्यावर अण्णा दुकानात गेले आणि पाना घेऊन बाहेर आले. रांगेतल्या पहिल्या नव्या सायकलीपुढे ते उकिडवे बसले आणि कावडीचा नट फिरवायला लागले. नट गंजला होता, सायकल डगडगत होती. मला म्हणाले, "बाई, त्या छावणीवाल्याला निरोप दे. म्हणाव, कावडी घिऊन जा सगळ्या. पैशाचं बघू नंतर." मी निघाले. वळून पाहिलं तर माय दुकानाच्या पायऱ्या उतरून खाली आली होती आणि सायकल हलू नये म्हणून दोन्ही हातांनी हँडल धरून उभी होती. अण्णा नट काढत होते, आणि मधेच मान वर करून दोघंही एकदमच आभाळाकडे बघत होती. आमच्या घरात सगळ्यांनाच पाऊस हवा होता, असा मला आठवणारा तो पहिला दिवस.